मानेसरमध्ये राहून सॉफ्टवेअर डिझाइन शिकताना : दूरशिक्षणाची निवड, अभ्यास आणि हक्क

गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर येथे होंडाच्या दुचाकींचा कारखाना २००१ साली सुरू झाला, त्यानंतर काही वर्षांत मारुती सुझुकीचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने व वाहन-चाचणीच्या संस्था येत गेल्या. या उद्योगांत महाराष्ट्रातून आलेले आयटीआयचे तंत्रज्ञ, पदविकाधारक आणि अभियंतेही काम करतात. इंजिनाच्या नियंत्रणापासून ब्रेकपर्यंत वाहनाचे बरेचसे काम आता सॉफ्टवेअर करत असल्यामुळे यांतील अनेकांना त्या दिशेने वळावेसे वाटते, परंतु पाळीची नोकरी सोडून महाविद्यालयात बसणे परवडत नसल्याने त्यांच्यापुढे दूरशिक्षणाचाच मार्ग उरतो. या मार्गावर तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात : कोणता अभ्यासक्रम घ्यावा, त्याची पदवी ग्राह्य धरली जाईल का, आणि घरी बसून हे कौशल्य खरोखर येते का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र विद्यार्थ्याने केलेली रचना वाचून तिच्यातील दोष दाखवणारे कोणी त्या अभ्यासक्रमात आहे की नाही यावर अवलंबून असते, आणि प्रवेश घेताना नेमकी हीच चौकशी बहुधा राहून जाते.

नेमके काय शिकायचे आहे, हे आधी ठरवावे

'डिझाइनचा कोर्स' या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी आपण यांपैकी कोणती गोष्ट मागत आहोत हे स्पष्ट करून घ्यावे.

- कॅड : कॅटिया, सॉलिडवर्क्स किंवा ऑटोकॅड वापरून यंत्रभागांचे आराखडे काढणे. हे यांत्रिकी डिझाइन असून त्यात सॉफ्टवेअर केवळ साधन असते. वाहनउद्योगाच्या परिसरात चौकशी केल्यास बहुधा हाच कोर्स पुढे केला जातो.
- यूआय-यूएक्स : पडद्यावरील मांडणी आणि वापरणाऱ्याचा अनुभव ठरवणे.
- प्रोग्रामिंग : जावा, पायथन, सी यांसारख्या भाषेत आज्ञावली लिहून ती चालवणे.
- सॉफ्टवेअर डिझाइन : प्रणालीचे भाग कसे पाडावेत, कोणत्या भागाला काय ठाऊक असावे आणि काय ठाऊक नसावे, भागांनी एकमेकांशी कसा व्यवहार करावा, हे ठरवणे.

प्रस्तुत लेख चौथ्या गोष्टीविषयी आहे. तिचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. कारखान्याच्या कँटीनसाठी कूपनप्रणाली करायची आहे आणि कायम कामगार, कंत्राटी कामगार व अप्रेंटिस यांना जेवणाचे दर वेगवेगळे आहेत, असे समजावे. हे दर काउंटरच्या पडद्यावर, महिन्याच्या पगारकपातीच्या तक्त्यात आणि ठेकेदाराच्या बिलात अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिले, तरी प्रणाली चालते आणि प्रोग्रामिंगच्या परीक्षेत पूर्ण गुणही मिळतात. परंतु व्यवस्थापनाने दर बदलल्यावर तीनपैकी एक जागा बदलायची राहते आणि कामगाराकडून घेतलेली रक्कम ठेकेदाराच्या बिलाशी जुळत नाही. दर ठरवण्याचे काम एकाच भागाकडे सोपवून उरलेल्या भागांनी त्याला फक्त दर विचारावा, अशी योजना केली तर बदल एकाच जागी करावा लागतो. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका भागाच्या आत झाकून ठेवावा, हे तत्त्व डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडले आणि ते माहिती-गोपन या नावाने ओळखले जाते. दोन भाग एकमेकांवर किती अवलंबून आहेत याला कपलिंग आणि एका भागातील कामे एकमेकांशी किती संबंधित आहेत याला कोहिजन म्हणतात. पहिले कमी आणि दुसरे जास्त असावे, एवढे सुरुवातीला पुरेसे आहे.

यावरून एक पूर्वअट निघते. ज्याला कोणत्याही एका भाषेत तीन-चारशे ओळींची आज्ञावली स्वतःच्या बळावर लिहिता येत नाही, त्याने डिझाइनच्या अभ्यासक्रमावर पैसे खर्च करू नयेत, कारण जी अडचण कधी सोसली नाही तिच्यावरचा उपाय केवळ पाठ होतो. अशा विद्यार्थ्याने सहा महिने प्रोग्रामिंगला द्यावेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ सी, जावा इत्यादी विषयांवर मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही पाहता येतात.

उपलब्ध मार्ग

पदवीचा कागद आणि प्रत्यक्ष कौशल्य यांचा हिशेब वेगळा ठेवल्यास निवड सोपी होते. नोकरीच्या जाहिरातीतील किमान पात्रतेसाठी, बढतीसाठी किंवा पुढील शिक्षणासाठी कागद लागतो. मुलाखतीत आणि कामावर कौशल्य लागते. एकाच अभ्यासक्रमातून दोन्ही मिळतील असे गृहीत धरू नये.

*कागद हवा असल्यास :*

- इग्नू. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय दिल्लीत मैदानगढी येथे आहे. बीसीए किमान तीन वर्षांचे, तर एमसीए किमान दोन वर्षांचे असून पूर्ण करण्यासाठी त्याहून अधिक मुदत मिळते, ही पाळीच्या नोकरीत मोठी सोय आहे. सध्याच्या एमसीएमध्ये पहिल्या सत्रात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि दुसऱ्या सत्रात वस्तुनिष्ठ विश्लेषण व रचना, म्हणजे प्रणालीकडे परस्परांशी व्यवहार करणाऱ्या वस्तूंचा समूह म्हणून पाहण्याची पद्धत, हे विषय आहेत. डिझाइनच्या दृष्टीने हीच दोन पुस्तके महत्त्वाची ठरतात.
- यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकचे हे विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि मराठी कुटुंबांत त्याचे नाव सर्वप्रथम निघते. तथापि राज्य विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीचे अभ्यासकेंद्र व परीक्षा राज्याच्या सीमेतच ठेवाव्या लागतात, त्यामुळे मानेसरमध्ये राहणाऱ्याला संपर्कसत्रांसाठी आणि परीक्षांसाठी महाराष्ट्रात जावे लागेल, हा खर्च व रजा आधीच मोजावी.
- हरियाणातील विद्यापीठे. रोहतकचे महर्षी दयानंद विद्यापीठ आणि हिसारचे गुरु जम्भेश्वर विद्यापीठ यांचे दूरशिक्षण विभाग तुलनेने जवळचे आहेत. त्या वर्षी अपेक्षित अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे पुढे दिलेल्या पद्धतीने तपासावे.
- आयआयटी मद्रासची बीएस. २०२० मध्ये सुरू झालेल्या या ऑनलाइन अभ्यासक्रमाला जेईई लागत नाही; पात्रता-टप्प्यातील अभ्यास व परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो. शिकवणे ऑनलाइन असले तरी मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. त्याचा मुख्य भर विदा-शास्त्र, म्हणजे डेटा सायन्सवर असला तरी उपयोजन-विकासाचे विषय त्यात प्रकल्पांसह शिकवले जातात. हा मार्ग वेळखाऊ आहे आणि आठवड्याचा अभ्यास चुकला की मागे पडण्याची शक्यता मोठी आहे.
- बिट्स पिलानीचे कार्य-संलग्न अभ्यासक्रम. १९७९ पासून चालणाऱ्या या पद्धतीत सॉफ्टवेअरविषयक एमटेक करता येते, परंतु ती दूरशिक्षणाची पदवी नसून नोकरीशी जोडलेली आहे, आणि त्यासाठी नियोक्त्याची संमती व कामावरील मार्गदर्शक लागतो. उत्पादन-विभागात काम करणाऱ्याला त्या विषयाशी संबंधित काम दाखवता येईल का, हा येथे कळीचा मुद्दा आहे.

*कौशल्य हवे असल्यास :* आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमातील आयआयटी खरगपूरचे प्रा. राजीब मॉल यांचे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवरील व्याख्यानवर्ग पायाभूत संकल्पनांसाठी उत्तम आहेत. पाहणे विनामूल्य असून प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. यूआय-यूएक्सकडे कल असणाऱ्यांनी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन-विद्यालयाने दूरस्थ अध्ययनासाठी तयार केलेले डी-सोर्स हे विनामूल्य साहित्य आधी पाहावे आणि मगच महागड्या वर्गांचा विचार करावा. सी-डॅकची पदव्युत्तर पदविका उद्योगात नावाजलेली असली तरी तिचा दिनक्रम पूर्णवेळ नोकरीबरोबर झेपणारा नाही.

मान्यता तपासण्याचा क्रम

१. दूरस्थ किंवा ऑनलाइन बीई, बीटेक अथवा अभियांत्रिकी पदविका कोणी देऊ करत असल्यास तेथेच थांबावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार अभियांत्रिकी या पद्धतीने शिकवण्यास परवानगी नाही. बीसीए आणि एमसीए मात्र चालतात. काही अभिमत विद्यापीठांनी अशा तऱ्हेने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल दिला. त्यात २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित ठेवून त्यांना परीक्षा देण्याची संधी मिळाली, तर त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या परत घेऊन रद्द करण्यात आल्या. चूक संस्थांची असली तरी भुर्दंड विद्यार्थ्यांना पडला.

२. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव, त्याच वर्षाचे व त्याच सत्राचे प्रवेश आणि तोच अभ्यासक्रम अशा तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या पाहिजेत. गेल्या वर्षीची मान्यता या वर्षी असेलच असे नाही, आणि एका अभ्यासक्रमाची मान्यता दुसऱ्याला लागू होत नाही.

३. 'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे नियमांच्या दृष्टीने वेगळे प्रकार आहेत. दूरस्थ अभ्यासक्रमाला अभ्यासकेंद्र आणि विद्यापीठाची कार्यक्षेत्र-मर्यादा असते, तर ऑनलाइन अभ्यासक्रमाला ही मर्यादा नाही. पत्रकावर कोणता शब्द आहे, एवढे वाचले तरी महाराष्ट्र-हरियाणाचा पेच बराचसा सुटतो.

४. २०२४ पासून या दोन्ही प्रकारांच्या प्रवेशासाठी श्रेयांक-पेढीचे खाते, म्हणजे एबीसी क्रमांक, आणि त्यावर आधारलेला डीईबी क्रमांक विद्यार्थ्याने स्वतः काढणे आवश्यक झाले आहे. 'आम्हीच काढून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला आधारशी जोडलेला मोबाइल आणि ओटीपी देऊ नये.

५. खासगी शिक्षण-कंपनीच्या नावाने विद्यापीठाची पदवी विकली जात असल्यास सावध व्हावे. अशा फ्रँचाइझी-कराराला परवानगी नाही, असा जाहीर इशारा आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०२२ मध्ये दिला होता. फी विद्यापीठाच्या खात्यातच जमा झाली पाहिजे आणि पावती त्याच नावाची असली पाहिजे.

६. दहावीनंतरची पदविका असणाऱ्यांनी ती बारावीशी समकक्ष मानली जाईल का, आणि एमसीएसाठी गणिताची अट कशी पुरी होईल, हे अर्जापूर्वी ई-मेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे.

मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमानुसार नियमित पदवीशी समकक्ष असते, त्यामुळे सरकारी भरतीत ती केवळ दूरस्थ आहे म्हणून नाकारली जाऊ नये. खासगी कंपनी मात्र स्वतःचे निकष लावू शकते, आणि तेथे पदवीपेक्षा दाखवता येईल असे काम अधिक उपयोगी पडते.

अभ्यासक्रम पारखण्याची कसोटी

व्हिडिओंचे तास ही दूरशिक्षणातील सर्वांत स्वस्त गोष्ट आहे आणि जाहिरातीत तीच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेली असते. डिझाइन हे निर्णयांचे कौशल्य असल्यामुळे ते बहुपर्यायी प्रश्नांनी तपासता येत नाही. चार पर्यायांतून 'कमी कपलिंग' ओळखणारा विद्यार्थी स्वतःच्या प्रणालीत तेच दर तीन ठिकाणी लिहू शकतो. म्हणून फी भरण्यापूर्वी संस्थेला पुढील प्रश्न विचारावेत :

- विद्यार्थ्याने काढलेली रचना माणूस तपासतो की यंत्र? तपासलेल्या रचनेचा एक नमुना, नाव झाकून, पाहायला मिळेल का?
- शेरे मिळाल्यावर रचना सुधारून पुन्हा देता येते का?
- एकच प्रणाली घेऊन तिच्या मागण्या मध्येच बदलण्याचा सराव आहे का?
- शंकेला किती दिवसांत, कोणाकडून उत्तर मिळते?

दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आल्यास तो अभ्यासक्रम माहितीसाठी घ्यावा, कौशल्यासाठी नव्हे. या कसोटीवर मोठ्या सार्वजनिक संस्थाही पुऱ्या उतरत नाहीत. एनपीटीईएलचे साप्ताहिक स्वाध्याय बहुतांशी यंत्राने तपासले जातात, आणि इग्नूत सत्रान्त परीक्षेचा भार मोठा असून त्यात आकृती कागदावर काढायची असते. इग्नूचे स्वाध्याय, म्हणजे असाइनमेंट, माणूस तपासतो, त्यामुळे शेरे मिळण्याची ती एकमेव हमखास जागा आहे. पण बाजारात आणि समाजमाध्यमांवर मिळणारी 'सोडवलेली असाइनमेंट' उतरवून विद्यार्थी नेमकी तीच गमावतात. प्रकल्प-अहवाल विकत घेण्याच्या प्रकाराबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही : पकडले गेल्यास पदवी अडते, आणि न पकडले गेल्यास पहिल्याच मुलाखतीत त्याच प्रकल्पावर प्रश्न येतात.

पाळी सांभाळून अभ्यास : एक चालणारी पद्धत

जेथे संस्थेकडून टीका मिळत नाही तेथे ती स्वतः उभी करावी लागते, आणि त्यासाठी तीन ते चार जणांचा गट पुरतो. गटातील सर्वांनी मानेसरमध्ये असण्याची गरज नाही. एक कासनला, एक चाकणला आणि एक वाळूजला असला तरी चालते, मात्र सर्वांची भाषेची व अभ्यासक्रमाची पातळी जवळपास सारखी असावी. महिन्याला एक लहान प्रणाली घ्यावी आणि ती पुढील क्रमाने पूर्ण करावी.

पहिल्या आठवड्यात प्रणालीने काय करावे हे एका पानावर लिहावे. हे पान मराठीत लिहिण्यास काहीच हरकत नाही, उलट त्याचा फायदा होतो, कारण ज्या भाषेत कामाचे नियम समजतात त्याच भाषेत त्यांतील संदिग्धता लवकर दिसते. आज्ञावलीतील नावे मात्र इंग्रजीत ठेवावीत, कारण पुढे ती परभाषिक सहकारीही वाचणार असतात. विषय ओळखीचे निवडावेत : कामगारांच्या बसचे मार्ग व थांबे, टूल-क्रिबमधून दिल्या जाणाऱ्या हत्यारांची नोंद, भाड्याच्या खोल्यांतील वीजबिलाची वाटणी. बँक किंवा ग्रंथालय ही पाठ्यपुस्तकी उदाहरणे टाळावीत, कारण त्यांची तयार उत्तरे सर्वत्र मिळतात आणि विचार करण्याची वेळच येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात रचना काढावी. यूएमएल ही सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची प्रमाणित लिपी १९९७ मध्ये स्वीकारली गेली; तिच्यात अनेक प्रकारच्या आकृत्या असल्या तरी सुरुवातीला दोनच पुरतात. क्लास-आकृतीत कोणते भाग आहेत आणि कोण कोणावर अवलंबून आहे हे दिसते, तर सीक्वेन्स-आकृतीत एखादे काम होताना भाग एकमेकांना कोणत्या क्रमाने निरोप देतात हे दिसते. आकृतीसाठी प्लँटयूएमएल हे विनामूल्य साधन सोयीचे आहे, कारण त्यात आकृती साध्या मजकुराने लिहिली जाते, ती कमी क्षमतेच्या लॅपटॉपवरही चालते आणि गिट या आवृत्ती-नोंदणीच्या साधनात ठेवल्यास काल काय होते व आज काय बदलले हे गटाला पाहता येते. आकृतीसोबत निर्णयटीप अवश्य जोडावी : कोणता निर्णय घेतला, दुसरा कोणता पर्याय होता, तो का सोडला. प्रत्येक निर्णयाला चार-पाच ओळी पुरतात. मुलाखतीत दाखवण्याजोगे जे साहित्य तयार होते त्यात आकृतीपेक्षाही या टिपा अधिक बोलक्या ठरतात.

तिसऱ्या आठवड्यात आज्ञावली लिहावी. चौथ्या आठवड्यात गटातील दुसऱ्या सदस्याने एक बदल सुचवावा, उदाहरणार्थ कँटीनमध्ये रात्रपाळीला वेगळा दर लागू झाला किंवा ठेकेदार दोन झाले. मग हा बदल करण्यासाठी किती फाइलींना हात लावावा लागला, याची नोंद ठेवावी. ही संख्या महिन्यागणिक कमी होत गेली तर कौशल्य वाढत आहे असे समजावे. डिझाइनची प्रगती मोजण्याचे याहून साधे माप घरी बसलेल्या विद्यार्थ्याला मिळणे कठीण आहे, आणि ते कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते.

पाळीचे नियोजनही यातच गुंफावे. रात्रपाळीच्या आठवड्यात नवी रचना करण्याचा आग्रह धरू नये. त्या काळात आधी उतरवून ठेवलेली व्याख्याने ऐकावीत आणि इतरांच्या रचना वाचाव्यात. दिवसपाळीच्या आठवड्यात व साप्ताहिक सुटीच्या दिवशी सलग दोन-तीन तास बसता येईल असे निर्मितीचे काम ठेवावे. नाहरपूर, कासन, अलियर यांसारख्या गावांत एका खोलीत तिघे-चौघे राहत असल्यास अभ्यासाची जागा ही खरीखुरी अडचण असते. ती इच्छाशक्तीने सुटत नाही. खोलीतील सहकाऱ्यांशी वेळा ठरवून घेणे किंवा सुटीच्या दिवशी इग्नूच्या अभ्यासकेंद्राचा आधार घेणे हेच उपाय उरतात. केवळ मोबाइलवर हा विषय शिकता येत नाही, त्यामुळे फीच्या आधी वापरलेल्या का होईना लॅपटॉपसाठी पैसे बाजूला काढावेत.

डिझाइन-पॅटर्न, म्हणजे वारंवार येणाऱ्या रचना-प्रश्नांची नाव दिलेली उत्तरे, यांपासून सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो. १९९४ च्या सुप्रसिद्ध ग्रंथात असे २३ पॅटर्न आहेत आणि मुलाखतींत त्यांची नावे विचारली जातात, त्यामुळे ते पाठ करून घेणारे वर्गही निघाले आहेत. वर सांगितलेल्या पद्धतीने चार-पाच प्रणाली करून झाल्याशिवाय त्या ग्रंथाकडे जाऊ नये. त्यानंतर त्यातील कित्येक पॅटर्न विद्यार्थ्याला स्वतःच्याच अडचणींची उत्तरे म्हणून ओळखू येतात.

वाहनउद्योगातील वाचकांसाठी एक स्वतंत्र सूचना आहे. ज्यांनी चाचणी-विभागात, पीएलसीवर किंवा वाहनातील नियंत्रण-संगणकांच्या, म्हणजे ईसीयूच्या तपासणीत काम केले आहे, त्यांनी वेब-उपयोजनांच्या गर्दीत शिरण्याऐवजी वाहन-सॉफ्टवेअरचा विचार करावा. तेथे सी भाषा, वाहन-सॉफ्टवेअरच्या थरांची समान मांडणी ठरवणारे ऑटोसार हे प्रमाण आणि सुरक्षेसाठीचे आयएसओ २६२६२ यांची ओळख लागते. यंत्र बिघडते कसे हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला येथे संगणकशास्त्राच्या नव्या पदवीधरापेक्षा थोडी आघाडी असते.

कंपनीची माहिती वापरू नये

सरावासाठी कामावरची उदाहरणे घ्यावीत, परंतु कामावरची माहिती घेऊ नये. दर, आराखडे, भाग-क्रमांक, कर्मचाऱ्यांची नावे, पडद्यांची छायाचित्रे यांतील काहीही प्रकल्पात, गटात किंवा गिटहबसारख्या सार्वजनिक ठिकाणी ठेवल्यास गोपनीयतेच्या कराराचा भंग होऊ शकतो आणि नोकरी जाऊ शकते. सर्व आकडे काल्पनिक ठेवावेत, कंपनीचा लॅपटॉप वा ई-मेल वापरू नये, आणि पदवीच्या प्रकल्पासाठी कंपनीचा विषय घ्यायचाच असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी अहवालाला जोडावी.

फी, कर्ज आणि 'नोकरीची हमी'

खासगी संस्थांच्या फोनवर 'आजच जागा निश्चित करा' असा आग्रह होतो आणि हप्त्याने भरायची फी म्हणून सांगितलेली रक्कम प्रत्यक्षात वित्तसंस्थेचे कर्ज असते. शिकवणे बंद पडले किंवा विद्यार्थ्याने वर्ग सोडला तरी कर्जाचे हप्ते आपोआप थांबत नाहीत, कारण तो करार वेगळा असतो. म्हणून

- ओटीपी देण्यापूर्वी कर्ज देणारी संस्था कोणती, हे विचारावे आणि व्याजासह एकूण परतफेड दाखवणारे मुख्य तथ्य-विवरण मागावे;
- रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज घेतल्यावर सुरुवातीची काही मुदत अशी असते की, मुद्दल व तेवढ्याच दिवसांचा आकार भरून दंडाविना बाहेर पडता येते; ती किती दिवसांची आहे हे त्याच विवरणात पाहावे;
- फी-परताव्याच्या अटी फोनवरील आश्वासनावर न सोडता ई-मेलने मागवाव्यात.

नोकरीची किंवा विशिष्ट पगाराची हमी देणाऱ्या जाहिरातीचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. शिकवणी-क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत, आणि तक्रारीच्या वेळी हेच छायाचित्र पुरावा म्हणून उपयोगी पडते.

तक्रार कोठे करावी

येथे विद्यापीठ आणि खासगी वर्ग यांच्यात फरक करावा लागतो, आणि तो न कळल्याने अनेक तक्रारी चुकीच्या दारात अडकतात. महर्षी दयानंद विद्यापीठाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विद्यार्थी हा विद्यापीठाचा 'ग्राहक' नाही अशी भूमिका घेतली, त्यामुळे निकाल, स्वाध्यायाचे गुण किंवा पदवीची दिरंगाई यांबाबत ग्राहक आयोगाकडे जाऊन सहसा उपयोग होत नाही. अशा वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी-तक्रार विनियमांनुसार आधी विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करावा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल देणे अपेक्षित आहे, आणि निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांच्या आत लोकपालाकडे दाद मागता येते. इग्नू किंवा राज्य विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण असल्याने माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्यास मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षार्थीचा हा हक्क मान्य केला आहे.

खासगी कोचिंग वा कौशल्यवर्गाविरुद्ध मात्र ग्राहक म्हणून दाद मागता येते. प्रथम संस्थेला ई-मेलने लेखी तक्रार द्यावी, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी, आणि तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे संस्था बंगळुरूची किंवा पुण्याची असली तरी मानेसरच्या विद्यार्थ्याला गुरुग्रामच्या आयोगात अर्ज देता येतो. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असल्यास अर्जासाठी शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अर्जासोबत पावत्या, परताव्याच्या अटी, जाहिरातीचे छायाचित्र आणि ई-मेल जोडावेत. फोनवरील संभाषणानंतर त्याचा सारांश त्याच दिवशी संस्थेला ई-मेलने पाठवलेला असेल, तर तोही जोडावा.